ब्रेक दाबल्यावर चाकातून किरकिर येते, कमी खर्चात काय करता येईल?

आवाज कसला आहे ते आधी नीट ऐका. बारीक, शिट्टीसारखी किरकिर येत असेल तर बहुधा ब्रेकचे पॅड (डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, दाबले जाणारे तुकडे) संपत आलेत. बऱ्याच पॅडवर त्यासाठीच एक पत्र्याची जीभ असते, ती डिस्कला घासून ओरडते. घरघर म्हणजे लोखंडावर लोखंड. मग गाडी चालवूच नका, कारण शंभराचं काम हजारावर जातं.

चाक काढून पॅड बघा. पॅडच्या मागचा पत्रा सोडून नुसतं मटेरियल ३ मिमीच्या आसपास उरलं असेल तर बदला, आणि एकाच चाकाचे नाही, डाव्या-उजव्या जोडीच्या दोन्ही चाकांचे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याहून जाड आणि गुळगुळीत असेल तर डिस्क बदलायची गरज नाही. खरी बचत इथेच.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलाय? कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्यात का पाहा. साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका (मी एकदा ठेवला होता, होज बदलावा लागला). गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा.

पेडल तरीही मऊ राहिलं तर मात्र मेकॅनिकच गाठा.