मुंबईत समुपदेशन परवडत नाही, घरचे म्हणतात 'मनाचे खेळ आहेत'. सुरुवात कुठून करू?
घरच्यांना पटवण्यात आत्ता जीव आटवू नका. ते नंतर बघता येईल.

रात्री-बेरात्री घाबरं झालं तर १४४१६ लावा. टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा, २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. वन रूम किचनमध्ये खासगी बोलायला जागा कुठली! मी गच्चीच्या जिन्यात बसून बोलायचो, वर कुणी येताना दिसलं की 'हो हो, उद्या पाठवतो' म्हणायचो.

प्रत्यक्ष दाखवायचं तर परळचं केईएम, सायन किंवा नायर रुग्णालय. तिघांतही मानसोपचार विभाग आहे, केसपेपर थोडक्या पैशांत निघतो. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते, सोबत डबा असू द्या. पहिल्याच भेटीत सगळं सांगायला हवं असं नाही. मी 'झोप लागत नाही' एवढंच म्हणालो आणि रडू फुटलं. डॉक्टर काही न बोलता थांबल्या, बस.

गोळ्या दिल्या तर बरं वाटताच आपल्या मनाने बंद करू नका. आणि मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं आहे.