स्कायरिम या कॉम्प्युटर गेमबद्दल प्रत्येक मित्र वेगळंच सांगतो. नक्की कोणाचं खरं मानायचं?

तिघांचंही. तुम्ही लिहिलंय की एक मित्र म्हणतो, ‘जरा चाललं की डोक्यावर ड्रॅगन येतो’. दुसरा म्हणतो, ‘सुरुवातीचा सोडला तर ड्रॅगन दिसलाच नाही’. तिसऱ्याच्या मते हा चोऱ्यामाऱ्यांचा गेम आहे, ड्रॅगन नावापुरते. त्यात गेम २०११ चा, तुमचा लॅपटॉप साधा आणि नागपुरात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, तर घ्यावा का, असा प्रश्न. घ्या. पण आधी मित्रांचा घोळ निस्तरू.

गेमची सुरुवात हेल्गेन गावात होते. तुम्हाला कैदी म्हणून घोडागाडीतून आणतात, मान ठोकळ्यावर टेकवतात आणि तेवढ्यात अल्दुइन नावाचा ड्रॅगन येऊन गाव पेटवून देतो. पुढे व्हाईटरन शहराच्या यार्लकडे, म्हणजे तिथल्या सरदाराकडे जायचं, त्याच्या दरबारातल्या जादूगारासाठी ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यातून एक कोरीव दगड आणायचा, मग शहराबाहेरच्या बुरुजावर दुसरा ड्रॅगन येतो. ही बुरुजाची लढाई होईपर्यंत गेम रानात ड्रॅगन सोडतच नाही. ती झाली की मात्र ते कुठेही टपकतात, अगदी तुम्ही गावात बटाटे विकत असताना सुद्धा. तुमचा दुसरा मित्र थापा मारत नाहीये, तो यार्लकडे गेलाच नसणार. आमच्या धरमपेठेतल्या टपरीवरच्या कंपूतही असा एक आहे. बाकीचे ड्रॅगनच्या गोष्टी रंगवून सांगत असले की हा चहाचा कप खाली ठेवून म्हणायचा, ‘काऊन बे फेकता? मले तं एकबी नाही दिसला.’ कारण कळल्यावरही तो गेला नाही. त्याला त्या बर्फात निवांत फुलं गोळा करत औषधं बनवायची होती. काही लोक मुद्दाम असंच खेळतात आणि गेम त्यांना अडवत नाही.

तिसऱ्या मित्राचं कारण वेगळं आहे. इथे सुरुवातीला योद्धा की जादूगार असं काही ठरवावं लागत नाही. एकूण १८ कौशल्यं आहेत आणि जे कराल ते वाढतं. तलवार चालवली की तलवार, दुकानदाराशी घासाघीस केली की बोलणं, मार खाल्ला तर अंगावरचं चिलखत पेलणं. कौशल्यं वाढली की लेव्हल वाढते. त्यामुळे माणूस पहिल्या काही दिवसांत ज्या सवयीने खेळतो, तसाच तो होत जातो. आणि सवय बहुतेकांची एकच असते: वाकून, चोरपावलांनी जाऊन लांबून बाण मारायचा. लपून मारलेल्या बाणाची इजा दुप्पट, पुढे तिप्पट होते आणि शत्रू इतके भोळे की शेजारच्याच्या डोक्यात बाण रुतलेला बघून थोडा वेळ शोधतात आणि भास झाला असेल म्हणून परत जागेवर जाऊन बसतात. जगभरच्या खेळाडूंमध्ये यावरून विनोद चालतात की जादूगार व्हायचं ठरवून सुरुवात करा, शेवटी धनुष्य घेऊन लपणारेच होणार. मीही झालो. त्याचं काही वाईट वाटत नाही.

आता मित्रांच्या सल्ल्यांबद्दल. त्यांचे किस्से जरूर ऐका, युक्त्या तपासून घ्या. ‘लोखंडी खंजीर बनवत बस, लोहारकाम भराभर वाढतं’ हा सल्ला अजून कोणी ना कोणी देतो. २०१२ मधल्या एका अपडेटपासून लोहारकामाची वाढ वस्तूच्या किमतीवर ठरते, म्हणून स्वस्त खंजिरांचा ढीग घातला तरी पूर्वीइतका फायदा नाही. दुसरी गोम अशी की लोहारकाम आणि घासाघीस वाढवूनही लेव्हल वाढतेच, आणि लेव्हल वाढली की बरेच शत्रूही तगडे होतात. मग लढता येत नाही असा हा श्रीमंत लोहार गुहेत शिरतो आणि दारातच मार खातो. काही जण मग ‘गेम फार कठीण आहे’ म्हणत सोडून देतात. तशी वेळ आली तर सेटिंगमध्ये जाऊन कठीणपणा खाली आणा. तो केव्हाही बदलता येतो आणि त्यात लाज कसली?

माझ्या अनुभवातलं एकच सांगायचं झालं तर फ्रॉस्टफ्लो दीपगृह. उत्तरेच्या किनाऱ्यावर, डॉनस्टार आणि विंटरहोल्ड या गावांच्या मधे. मला तिथे कोणी पाठवलं नव्हतं. बर्फाच्या वादळात समोर उंच काहीतरी दिसलं म्हणून गेलो. आत मरून पडलेली एक बाई, सांडलेलं सामान आणि घरातल्या माणसांच्या डायऱ्या. वाचत गेलं की कळतं, दीपगृह सांभाळायला आलेलं हे साधं कुटुंब, बापाला समुद्राची ओढ, पोरांना करमत नाही, आणि तळघराच्या भिंतीमागून रोज खरडल्याचे आवाज. पुढे खाली उतरावं लागतं. तिथे काय आहे ते सांगत नाही. बापाची एक शेवटची इच्छाही लिहिलेली सापडते आणि ती पुरी करायची की नाही हे गेम तुम्हाला विचारतही नाही. ज्याने ते नीट वाचलंय, त्याला वर कुठे जायचं ते समजतं. मी पुरी केली, त्याचं एक छोटं बक्षीसही मिळालं. टपरीवर हे सांगितलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला की तो तिथे जाऊन, मारामारी करून, सोनं उचलून आला होता. डायऱ्या उघडल्याच नव्हत्या. त्याने घरी जाऊन परत सुरू केलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वर होकायंत्रावर दिसणाऱ्या बाणाच्या मागे सारखं धावू नका. त्या बाणाने मुख्य कथा पुरी होईल, आणि खरं सांगू का, मुख्य कथा ठीकठाकच आहे. यादवी युद्धाचा भाग त्याहून बरा, कारण एका बाजूला साम्राज्य, ज्याने तह करून लोकांच्या टॅलोस देवाची पूजा बंद केली, आणि दुसऱ्या बाजूला विंडहेल्मचा बंडखोर सरदार उल्फ्रिक, ज्याच्या शहरात परक्यांना गलिच्छ वस्तीत ठेवलंय. आमच्याकडे यावर निवडणुकीसारखे वाद झालेत, दोघांचं बोलणं बंद होईपर्यंत. पण तुम्ही परत परत आठवाल ते मधल्या रस्त्यावरचं.

तक्रारीही आहेत. तलवारबाजी आज बोथट वाटते. घाव लागला की नुसती हवा कापली ते कळत नाही. तेच चार-पाच आवाज अर्ध्या राज्याला दिलेत. थडग्यांमधली कोडी बरीचशी सारखी. बग, म्हणजे गेममधल्या चुका, तर विचारूच नका, मी एका घोड्याला कड्यावर उभा सरळ चढताना पाहिलंय. हे सगळं चालत नसेल तर पैसे वाचवा.

लॅपटॉपचं सांगतो. २०१६ ची स्पेशल एडिशन घ्या, मूळची नको. मूळ गेम ३२ बिटचा होता, ही ६४ बिटची आहे, जास्त मेमरी वापरू शकते आणि अडकून बंद पडण्याचं प्रमाण कमी. किमान ८ जीबी रॅम आणि १२ जीबी जागा लागते. पण ग्राफिक्स कार्ड बघूनच पैसे भरा. स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वर बांधून ठेवा. या गेममध्ये वस्तूंची हालचाल फ्रेमच्या वेगाला जोडलेली आहे, वेग वाढला की घरात शिरताच ताटं-वाट्या टेबलावरून उडायला लागतात. तसंही आपल्याकडच्या ४५ डिग्रीत ६० च्या वर पळवून लॅपटॉप कशाला भाजायचा. दार ओलांडलं, झोपलात की गेम आपोआप सेव्ह होतो, पण मोकळ्या रानात तासभर फिरलात तर होईलच असं नाही. मृगाच्या आधीच्या वादळात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीचा भरवसा नसतो, तेव्हा एफ-५ वर, म्हणजे लगेच सेव्ह करायच्या बटणावर, बोट असू द्या.

स्पेशल एडिशनमध्ये एक सर्व्हायव्हल मोडही आहे. भूक, थकवा, थंडी लागते आणि नकाशावर टिचकी मारून दुसऱ्या गावी पोचता येत नाही. पहिल्या खेळात लावू नका. पुढे कधी भर मे मध्ये, कूलरसमोर घाम पुसत, स्क्रीनवर थंडीने काकडत शेकोटी शोधून बघा, मजा येते.

आणि सुरुवात? हेल्गेनच्या भुयारातून बाहेर पडलात की सोबतचा माणूस रिव्हरवूडला चल म्हणेल. जा. वाटेत तीन कोरीव उभे दगड लागतात, त्यातला एक निवडा, कुठलाही चालेल, नंतर बदलता येतो. गावातल्या कोंबड्यांना हात लावू नका, अख्खं गाव अंगावर येतं. तिथून व्हाईटरन जवळच आहे. यार्लला भेटा, बुरुजावरचा ड्रॅगन उरकून घ्या, म्हणजे तिन्ही मित्रांशी बोलायची सोय होईल. मग बाण बंद समजा आणि जिकडे डोंगर आवडेल तिकडे निघा. फक्त व्हाईटरनच्या माळावर मॅमथ (केसाळ हत्ती) राखत फिरणारे जायंट, म्हणजे धिप्पाड राक्षस, दिसतील, त्यांच्यापासून सध्या लांब. एका फटक्यात किती उंच उडतो माणूस, हे बघायचंच असेल तर आधी एफ-५ दाबा.