पहिल्यांदा कायरोप्रॅक्टरकडे जाताना
अमेरिकेत आल्यावर कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांवर व सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्याकडे, जावे का, असे आपण विचारलेत. ही उपचारपद्धती डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये आयोवातील डेव्हनपोर्ट येथे सुरू केली. 'मणका जागेवर नसल्यामुळे बहुतेक आजार होतात' हा त्यांचा मूळ दावा विज्ञानाच्या कसोटीला उतरलेला नाही; मात्र साध्या कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचाराने काहींना माफक आराम पडतो, आणि एवढ्याच अपेक्षेने आपण जावे.

पहिल्या भेटीत बराच वेळ विचारपूस आणि तपासणीत जातो. त्यानंतर आपल्याला विशिष्ट स्थितीत झोपवून सांध्याला झटपट, मोजका झटका दिला जातो, तेव्हा जो 'कट्' असा आवाज येतो तो हाडाचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. (मी मात्र पहिल्यांदा पुरता घाबरलो होतो.) नंतर एक-दोन दिवस अंग दुखू शकते.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, ताप असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. लघवीवरचा ताबा सुटल्यास थेट रुग्णालयच गाठावे. मानेला झटका देण्यास मी स्वतः नकार देतो, कारण क्वचितच का होईना, त्यानंतर मानेतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. पहिल्याच दिवशी वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ मागितले, तर नम्रपणे उठून यावे.