वाचकांचे प्रश्न : वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय प्रवेशाची मुलाखत

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. आमच्या मुलीने १५ ऑक्टोबरच्या मुदतीत यूकासमार्फत (ब्रिटनमधील विद्यापीठांचे अर्ज एकत्र स्वीकारणारी संस्था) चार विद्यापीठांत मेडिसिनसाठी अर्ज केला होता आणि त्यांपैकी दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले आहे. दोन्हीकडे एमएमआय, म्हणजे अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत आहे. मी व माझे यजमान दोघेही पुण्यात शिकलो, त्यामुळे अशा मुलाखतीचा आम्हांला अनुभव नाही. नेहमी विचारल्या जाणाऱ्या पन्नास-साठ प्रश्नांची उत्तरे लिहून काढून ती तिच्याकडून पाठ करून घ्यावीत, असा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का? – एक आई, लेस्टर

उत्तर : ताई, उत्तरे पाठ करून घेण्याचा बेत आपण सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मी काही वर्षे अशा मुलाखतींत परीक्षक म्हणून बसले आहे आणि पाठ केलेले उत्तर पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते. ते ओळखू आले म्हणून कोणी गुण कापत नाही. अडचण पुढच्या प्रश्नाला येते. ‘मग त्या वेळी तुला काय वाटले?’ एवढे विचारले की पाठांतराचा धागा तुटतो, आणि एरवी सहज बोलणारी हुशार मुलगी गप्प होते.

एमएमआय म्हणजे ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी ही पद्धत विकसित केली आणि ब्रिटनमधील बहुतेक वैद्यकीय विद्यालयांनी ती पुढे स्वीकारली. उमेदवार साधारण सहा ते दहा स्टेशनांवरून, म्हणजे छोट्या मुलाखतींच्या ठिकाणांवरून फिरतो, दाराबाहेर मिनिटभर प्रश्न वाचतो आणि आत पाच ते आठ मिनिटे बोलतो. प्रत्येक ठिकाणी परीक्षक वेगळा असतो आणि आधीच्या स्टेशनवर काय घडले हे त्याला ठाऊक नसते. एकाच मंडळासमोर अर्धा तास बसवले, तर पहिल्या बऱ्यावाईट उत्तराची छाया पुढच्या सगळ्या उत्तरांवर पडते. ती टाळण्यासाठीच ही रचना केली गेली. त्यामुळे एखादे स्टेशन बिघडले तर ते त्या दारातच सोडून पुढे जायचे, ही गोष्ट मुलीच्या मनावर आतापासून बिंबवावी. दुसऱ्या स्टेशनवरच्या चुकीचा विचार करत तिसरे आणि चौथे घालवणारी मुले मी दर वर्षी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला हळहळ वाटली आहे.

मग तयारी कशाची करायची? तिने आजवर जे पाहिले आणि केले आहे, त्यावर शांतपणे विचार करण्याची. एक उदाहरण देते. आपल्याकडच्या अनेक मुली आजीबरोबर जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जातात आणि आजीचे मराठी डॉक्टरांना इंग्रजीत सांगतात. मुलाखतीत मात्र ‘मी आजीला दुभाषी म्हणून मदत करते’ एवढेच सांगून त्या थांबतात. खरे तर सगळा विषय इथून सुरू होतो. आजीचे लांबलचक सांगणे तिने कधी स्वतःहून आखडते घेतले होते का? नात समोर आहे म्हणून आजीने एखादी नाजूक तक्रार लपवली असेल का? डॉक्टरांनी सांगितलेला धोका आजी घाबरेल म्हणून तिने सौम्य करून सांगितला का, आणि तसे असेल तर आजीने दिलेली संमती खरोखर समजून-उमजून दिलेली होती का? नातेवाइकाऐवजी प्रशिक्षित दुभाषी का बोलवावा, हे ज्या मुलीला स्वतःच्या अनुभवातून उमगले आहे, तिला गोपनीयता आणि रुग्णाची स्वायत्तता यांच्या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. मोठ्या रुग्णालयात कोणाच्या तरी ओळखीने काढलेल्या दोन दिवसांपेक्षा असा एक प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. शनिवारी केअर होममध्ये चहा देण्याचे किंवा दुकानात गल्ल्यावर बसण्याचे कामही याच दृष्टीने पाहावे.

आपल्या घरांतील दोन सवयी इथे आडव्या येतात. पहिली सवय ‘आम्ही’ म्हणण्याची. स्वतःविषयी बोलणे म्हणजे फुशारकी, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. त्यामुळे ‘आम्ही गणेशोत्सवात निधी गोळा केला’ असे वाक्य येते आणि त्यात तिचे काम कोणते हे परीक्षकाला कळत नाही. हिशेब तिने ठेवला असेल, तर ‘हिशेब मी ठेवला आणि एकदा तो चुकला, तेव्हा मी असे केले’ असे सांगण्यात उद्धटपणा नाही. दुसरी सवय घाईने धीर देण्याची. एखाद्या स्टेशनवर नट किंवा नटी समोर बसलेली असते आणि शेजारणीचे मांजर आपल्या गाडीखाली सापडले, ही बातमी उमेदवाराने तिला द्यायची असते. आपली मुले लगेच ‘होईल सगळे ठीक’ म्हणतात किंवा नवे मांजर आणून देण्याची भाषा करतात. अशा वेळी बातमी स्पष्ट शब्दांत सांगावी, क्षमा मागावी आणि मग गप्प राहून समोरच्या व्यक्तीला रडू द्यावे, बोलू द्यावे. ती शांतता सहन करायला सराव लागतो, आणि तो आईवडिलांसमोर नीट होत नाही. त्यासाठी शाळेतील एखादे शिक्षक किंवा फारशी ओळख नसलेले कोणी शोधावे.

नीतिविषयक प्रश्नांसाठी थोडे वाचन हवेच. सोळा वर्षांखालील मुलाला प्रस्तावित उपचार पुरेसा समजत असेल, तर ते स्वतः संमती देऊ शकते, हे १९८५ च्या गिलिक निकालाने इंग्लंडमध्ये ठरले. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला धोका डॉक्टरांनी सांगितलाच पाहिजे, हे २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने स्पष्ट केले. ब्रिटनमधील डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल कौन्सिलची ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ ही मार्गदर्शिका जानेवारी २०२४ पासून नव्या स्वरूपात लागू झाली आहे. ती छोटी आहे आणि मुलीने ती मूळातूनच वाचावी. निकालांची नावे घेतल्याने गुण मिळत नाहीत. दोन्ही बाजू मांडून झाल्यावर ‘मी असे करीन, कारण…’ इथपर्यंत ती पोहोचते का, हे पाहिले जाते.

आपण स्वतः काय करावे, हा प्रश्न आपल्या पत्रात नाही, पण तो मला दिसतो. रोज संध्याकाळी तिला आजीला मराठीत समजावून सांगू द्या, मधुमेह म्हणजे काय किंवा प्रतिजैविके अर्धवट का सोडू नयेत. एकही पारिभाषिक शब्द न वापरता हे जिला जमते, तिला इंग्रजीतही जमते.

प्रश्न : मी बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि दंतवैद्यकासाठी अर्ज केला आहे. मेडिसिनच्या मुलाखतीपेक्षा वेगळी तयारी करावी लागते का? – एक विद्यार्थी

उत्तर : थोडी वेगळी, होय. ‘डॉक्टर का नाही?’ हा प्रश्न जवळपास नक्की येईल, आणि दंतवैद्यकाला दुसरी पसंती मानणारे उत्तर तिथे टिकत नाही. त्यासाठी दंतवैद्याच्या दवाखान्यात उभे राहून जे पाहिलेस ते आठव : खुर्चीत ताठरलेला रुग्ण, त्याच्याशी सतत चाललेले बोलणे, नर्सने न सांगता पुढे केलेले उपकरण. काही ठिकाणी हातांचे कौशल्य पाहतात, म्हणजे चित्र पाहून तार वाकवणे किंवा आरशात बघून रेघ काढणे अशी कामे देतात. त्यात सुबकपणाइतकेच सूचना ऐकून घेणे आणि चूक झाल्यावर न चिडता पुन्हा करणे महत्त्वाचे असते. तबला, शिवणकाम, रांगोळी, जे काही तू नियमित करत असशील, ते मोकळेपणाने सांग.

तुझ्या शहराचा एक फायदा तुला आहे. बर्मिंगहॅमच्या पाण्यात १९६४ पासून फ्लोराइड मिसळले जाते. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण किडलेले दात हेच आहे. व्यक्तीची संमती न घेता सगळ्यांच्या पाण्यात काही मिसळणे योग्य आहे का, साखरेवरचा कर पुरेसा आहे का, एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा दंतवैद्य मिळत नसेल तर गरीब कुटुंबाने काय करायचे, या प्रश्नांवर घरी वाद घाल. दंतवैद्यांची नियामक संस्था असलेल्या जनरल डेंटल कौन्सिलची नऊ तत्त्वेही वाचून ठेव. त्यांतले पहिले तत्त्व रुग्णाचे हित सर्वांत आधी ठेवण्याचे आहे.

प्रश्न : मी नाशिकला बारावीत आहे. भारतात एमबीबीएससाठी मुलाखत असते का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : एमबीबीएस व बीडीएसचे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात, त्यामुळे बहुतेक विद्यार्थ्यांना मुलाखत द्यावी लागत नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, हा महत्त्वाचा अपवाद आहे. तेथे ‘नीट’च्या गुणांवरून निवडलेल्या उमेदवारांना पुण्याला बोलावून इंग्रजी आकलन व तर्क यांची संगणकीय चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी घेतली जाते. पदवीनंतर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करणे बंधनकारक असते, आणि मुलाखतीतील खरा प्रश्न बहुधा त्याभोवतीच फिरतो. घरापासून दूर सीमेवरच्या ठाण्यावर नेमणूक झाली तर चालेल का, हे आधी स्वतःला आणि घरच्यांना विचार. मुलींसाठीच्या जागा मुलांपेक्षा बऱ्याच कमी असतात, म्हणून ‘नीट’च्या गुणांत ढिलाई परवडणार नाही. अर्ज करताना केंद्रीय समुपदेशनाच्या संकेतस्थळावर एएफएमसीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तो मुदतीत निवडायचा राहिला, तर गुण कितीही असले तरी बोलावणे येत नाही.