हवामानबदलावर खर्च केला तर विकासाला पैसा उरेल का?

उरेल, कारण बराचसा खर्च एकच असतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. माणसं गेली, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. ओढ्याची वाट मोकळी ठेवणं हा पर्यावरणाचा खर्च म्हणायचा की विकासाचा? माझ्या मते रस्त्याच्या अंदाजपत्रकातच पावसाळी गटारांचे पैसे धरावेत, नंतरची भरपाई फार महाग पडते. विजेवर चालणाऱ्या ई-बसचंही तसंच: घेताना महाग, पण रोजचं इंधन स्वस्त. सुरुवातीच्या अशा मोठ्या खर्चासाठीच केंद्राने 2022-23 मध्ये 16,000 कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी बाजारातून पैसा उभा केला. अर्थात तेही कर्जच, फेडावं लागणार. म्हणून पहिला पैसा ओढ्याकाठच्या वस्त्यांवर घालावा असं मला मनापासून वाटतं.