गर्भात जिभेच्या स्नायूंना वाट कोण दाखवतं?
मिरजेत एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एकाने विचारलंय, जीभ तोंडात, मग तिचे स्नायू मानेमागून कसे काय येतात?

आपल्याकडच्या ऊसतोडीसारखंच आहे, टोळी बाहेरून येते. कवटीच्या मागच्या टोकाखालच्या ऑक्सिपिटल सोमाइट्समधून (सोमाइट म्हणजे गर्भाच्या पाठीकडचे पेशींचे जोडीजोडीचे गठ्ठे) स्नायूंच्या मूळपेशी निघतात आणि येताना मेंदूपासून निघणारा बारावा मज्जातंतूही (हायपोग्लॉसल) सोबत आणतात. (अपवाद पॅलॅटोग्लॉसस हा जिभेचा स्नायू, त्याला व्हेगस हा दहावा मज्जातंतू. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात.)

वाटेवर एचजीएफ हे प्रथिन स्रवतं आणि या मूळपेशींवरचा मेट रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रथिन) ते ओळखतो. मेट नसलेल्या उंदरांत हातापायांचे स्नायू बनतच नाहीत, जिभेतले कमी पडतात.

खरी गंमत पुढे आहे. पोहोचल्यावर कारभार न्यूरल क्रेस्ट पेशींच्या (गर्भातल्या भावी मेंदू-मज्जारज्जूच्या कडेवरून निघणाऱ्या पेशींच्या) हाती असतो, ज्या स्वतः स्नायू बनत नाहीत, जिभेची संयोजी ऊती, म्हणजे जोडणारा-आधार देणारा भाग, बनतात. उंदरांत फक्त याच पेशींमधला टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाचा रिसेप्टर काढला, स्नायूपेशींना हातही लावला नाही, तरी जीभ लहान राहते! वरच्या आवरणातून येणारा सॉनिक हेजहॉग या प्रथिनाचा संदेशही या पेशींनाच लागतो. तो मिळाला नाही तर जीभ जेमतेम बनते.

म्हणून परीक्षेत नुसतं 'सोमाइट' लिहून थांबू नका, न्यूरल क्रेस्टही लिहा.