अ‍ॅनिमेमधलं ‘चांगलं अ‍ॅनिमेशन’ ओळखायचं कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅनिमेवर, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनवर, लिहायची हौस आहे, पण ‘अ‍ॅनिमेशन खतरनाक’ किंवा ‘बजेट संपलं वाटतं’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. त्यात मित्रमंडळी अशी, की पडद्यावर पाच सेकंद काही हललं नाही की लगेच ‘स्टुडिओनं पाट्या टाकल्या’ म्हणून मोकळी होतात. मग चांगलं-वाईट ठरवायचं कसं?

किती हलतंय ते मोजू नका. कुठे हलवलंय आणि कुठे मुद्दाम हलवलेलं नाही, ते बघा. टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेचा जन्मच काटकसरीतून झालाय, त्यामुळे ‘कमी हललं म्हणून वाईट’ हा निकष लावायचा तर निम्म्याहून अधिक चांगल्या मालिका बाद कराव्या लागतील.

1 जानेवारी 1963 ला फुजी टीव्हीवर ओसामु तेझुका यांचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू झाला. आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग, हाताशी पैसा तुटपुंजा आणि माणसं त्याहून कमी. फिल्म सेकंदाला 24 फ्रेम मागते. डिस्नेच्या चित्रपटांत त्यासाठी साधारण 12 ते 24 चित्रं काढली जात. तेझुकांच्या चमूनं एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरायला सुरुवात केली, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रं. बोलताना फक्त ओठ हलवायचे, बाकी चेहरा तसाच. स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा. एकदा काढलेलं उड्डाण जपून ठेवायचं आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायचं. ही सगळी ओढाताण होती, पण पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकांनी तिचीच शैली केली. ‘रोझ ऑफ व्हर्साय’ ही मालिका 19 व्या भागापासून ओसामु देझाकी यांच्या हाती गेली. तिथे भावनेचा कळस आला की हलतं चित्र अचानक थांबतं आणि जाड रेघांच्या, रंगवलेल्या एका चित्रात बदलतं. पैसे वाचतात हे खरंच, पण तो क्षण डोक्यात रुतून बसतो तो त्या थांबण्यामुळे.

थांबण्याचं सगळ्यात धीट उदाहरण ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलिअन’मध्ये आहे. 1995-96 ची, हिदेआकी आन्नो यांची 26 भागांची मालिका. 22 व्या भागात आसुका आणि रेई या दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. दोघी ‘एव्हा’ नावाची महाकाय लढाऊ यंत्रं चालवणाऱ्या, एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या. आणि मग जवळजवळ मिनिटभर काहीही होत नाही. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही, लिफ्टचा एकसुरी आवाज तेवढा चालू. बघणाऱ्याला आधी वाटतं व्हिडिओ अडकला, मग वाटतं आता कुणीतरी बोला बाई. शेवटी रेई बोलते, आणि जे बोलते त्यानं आसुकाचा भडका उडतो. पहिल्या पाच सेकंदांत ती बोलली असती तर तो भडका आपल्याला कांगावा वाटला असता. त्या मिनिटानं आसुकाचा कोंडमारा आपल्याही अंगावर टाकलेला असतो.

आता मित्र म्हणतील, मालिकेच्या उत्तरार्धात आन्नोंकडे वेळ उरला नव्हता, म्हणून त्यांनी असं केलं. बरोबर आहे. पण वेळ नसताना नेमकी कुठली गोष्ट गाळायची, हे ठरवायला डोकं लागतंच की. याउलट दोन पात्रं आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी, तोंडं वर-खाली होतायत आणि दोघं एकमेकांना आधीच ठाऊक असलेलं कथानक समजावून सांगतायत, हे दृश्य कुठल्याही हंगामातल्या पाच-सहा मालिकांत सापडेल. पाट्या टाकणं ते. तिथे बिनधास्त टीका करा.

ओठांचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. टीव्ही अ‍ॅनिमेत बोलण्यासाठी बहुधा तोंडाचे तीनच आकार फिरवतात: बंद, अर्धं, उघडं. आवाज सहसा नंतर भरला जातो. शब्दागणिक ओठ जुळवलेले नसल्यामुळे दुसऱ्या भाषेचा आवाज त्यावर बरा बसतो. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर मोगलीची ‘जंगल बुक’ बघितलेल्या अनेकांना ती निप्पॉन अ‍ॅनिमेशनची 1989 ची जपानी मालिका होती हे आजही माहीत नसतं, आणि त्यातला हिंदी शेरखान नाना पाटेकरांनी बोललाय हे मात्र पक्कं आठवतं. तेव्हा परीक्षणात ‘डब म्हणजे भ्रष्ट, सबटायटल म्हणजे शुद्ध’ असलं सोवळंओवळं पाळायची गरज नाही. आवाज पात्राला शोभला का, एवढं लिहा.

आता उलट बाजू. हालचाल भरपूर आहे, तरी लोक हसतात. याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे ‘नारुतो शिप्पुदेन’चा 167 वा भाग, 2010 चा. पेन नावाच्या शत्रूशी लढताना नायक नारुतोचं स्वतःवरचं भान सुटलंय. या भागातले पेनचे स्क्रीनशॉट तुम्ही नक्की पाहिले असतील: चेहरा रबरासारखा ताणलेला, डोळे भलतीकडे, हातपाय वेडेवाकडे. ‘इतक्या महत्त्वाच्या लढाईची वाट लावली’ म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मीम फिरतायत.

हा भाग अत्सुशी वाकाबायाशी यांनी दिग्दर्शित केला. मूळ ‘नारुतो’तला 133 वा भाग, नारुतो आणि सासुकेची ती लढाई, तोही त्यांचाच, आणि तो सगळ्यांना डोक्यावर घ्यावासा वाटतो. मग हाच माणूस अचानक चित्र काढायला विसरला? झालं असं, की इथे त्यांनी नेटक्या चेहऱ्यांपेक्षा वजन आणि वेग निवडला. वेगात जाणारं शरीर एका फ्रेमपुरतं ताणायचं, पुढच्या फ्रेममध्ये आपटून चपटं करायचं. अशी फ्रेम सुटी बघायची नसतेच. ती सेकंदाच्या लहानशा तुकड्यापुरती पडद्यावर असते आणि डोळ्याला चेहरा दिसत नाही, धक्का बसतो. यूट्यूबवर एखादी क्लिप थांबवून कीबोर्डवरची स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबलीत की एकेक फ्रेम मागे-पुढे होते. आधी तोच तुकडा नेहमीच्या वेगानं बघा, मग असा फ्रेम-फ्रेम करून बघा, आणि पुन्हा नेहमीच्या वेगानं. स्क्रीनशॉटवरून दिलेला निकाल किती पोकळ असतो ते तिथेच कळेल. माझं मत विचाराल तर त्या भागात दोन-तीन ठिकाणी ताण जरा जास्तच झालाय. गावाचा विध्वंस झालेला असताना गमतीदार वाटावं असं काही दिसायला नको होतं. पण ही तक्रार ‘सूर चुकला’ अशी करता येते. ‘चित्रं वाईट काढली’ अशी नाही.

इथून पुढचा मुद्दा आपोआप येतो: नावं बघा. भागाच्या शेवटी धावणारी श्रेयनामावली आपण पुढे ढकलतो, पण खरी माहिती तिथेच असते. प्रत्येक भागाचा दिग्दर्शक वेगळा असू शकतो, स्टोरीबोर्ड काढणारा वेगळा, चित्रांवर शेवटचा हात फिरवणारा वेगळा. मुख्य चित्रं काढणाऱ्यांना ‘गेंगा’च्या यादीत शोधायचं, मधली चित्रं भरणाऱ्यांना ‘दोगा’च्या. ज्या तुकड्यात अ‍ॅनिमेटरचा हात ठळक दिसतो त्याला फॅनलोक ‘साकुगा’ म्हणतात. तो शब्द परीक्षणात वापरलात तर कुणी काढला तेही शोधून लिहा, नाहीतर नुसताच तुरा.

‘अमुक स्टुडिओ टॉप’ हे वाक्य म्हणूनच मला लंगडं वाटतं. ‘वन पंच मॅन’चा पहिला सीझन 2015 मध्ये मॅडहाउसनं केला, दुसरा 2019 मध्ये जे.सी.स्टाफनं, आणि फॅनमंडळींनी सगळं खापर स्टुडिओच्या बदलावर फोडलं. पण पहिल्या सीझनची ताकद होती ती दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्या शब्दाखातर गोळा झालेले स्वतंत्र अ‍ॅनिमेटर. ती माणसं इमारतीबरोबर येत नाहीत. ‘बजेट’चंही तेच. पैशापेक्षा टंचाई असते ती वेळेची आणि हाताची. हे आतून बघायचं असेल तर ‘शिरोबाको’ बघा. पी.ए. वर्क्सच्या या 2014 च्या मालिकेत एक भाग वेळेत पोचवताना लोकांची जी त्रेधा उडते ती बघितल्यावर पाट्या टाकल्याचा आरोप करताना जीभ जरा अडखळते.

स्टुडिओचं नाव घ्यावंच अशी एक जागा मात्र आहे. क्योतो अ‍ॅनिमेशन अ‍ॅनिमेटरना पगारी नोकरीत ठेवतं, त्यामुळे वर्षानुवर्षं एकत्र बसून काम केल्याचा एकजीवपणा तिथे दिसतो. नाओको यामादा यांचा 2018 चा ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’ घ्या. सुरुवातीला दोन मैत्रिणी शाळेच्या फाटकापासून संगीताच्या वर्गापर्यंत चालत जातात. बस्स. बोलणं जवळजवळ नाहीच. नोझोमी पुढे, ऐटीत, तिचा पोनीटेल पावलागणिक डावी-उजवीकडे झुलतोय. मिझोरे मागे, अंतर राखून, नजर त्या पोनीटेलवर. दोघींच्या पावलांचे आवाज वेगवेगळ्या लयीत पडतात आणि केन्सुके उशिओ यांचं संगीत त्या पावलांमध्येच मिसळलेलं आहे. चित्रपटाची सगळी गोष्ट, एकीचं सहज पुढे जाणं आणि दुसरीचं जीव टाकून मागे जाणं, तिथे पायांनी सांगून झाली. स्फोट नाही, तलवार नाही. सगळी मेहनत चालण्यावर खर्च केलीय, कारण सांगायचं तेच होतं.

लिहिताना कथानकाचा गोषवारा देऊ नका, तो सगळीकडे मिळतो. एक दृश्य उचला आणि त्यात काय हललं, काय थांबलं, त्यामुळे तुम्हाला काय झालं, ते लिहा. दहापैकी गुण द्यायचे असतील तर द्या, लोकांना आवडतात. मी देत नाही.

उदाहरणं बघायची झाली तर ‘लिझ’पासून सुरू करा, दीड तासात होतो. ‘इव्हँजेलिअन’ मात्र थेट 22 व्या भागावर उडी मारून बघू नका. पहिल्यापासून या, आणि 24 व्या भागाबद्दल कुणाकडून काही ऐकायच्या आत तो उरकून घ्या. तिथेही एक असंच मिनिट आहे, त्याबद्दल मुद्दामच काही लिहिलं नाही. बघून झाला की खाली कॉमेंटमध्ये या, बोलू.